पाटणकर काकूंचा हॉट प्रेस

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आयर्लंडमध्ये काय काय वाण लुटलं जातं, ते मी आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटाकडे बघून सांगू शकतो. चहाच्या गाळण्या, स्टीलच्या वाट्या, कुंकवाचे करंडे, आणि कशासाठी आहेत हे अजून न कळलेल्या चार छोट्या पिशव्या. पण ॲडम्सटाउनला आमच्या मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या पाटणकर काकूंनी एका संक्रांतीला जे वाण दिलं तसं मी ना पुण्यात पाहिलं होतं, ना इथे. निळी, बटणाची, प्लास्टिकची फाईल. आत मराठीत टाइप केलेला एकच कागद, आणि त्या कागदाला स्टेपलरने मारलेली तिळगुळाची पुडी.

"फाईल?" मी बायकोला म्हणालो. "पुढच्या वर्षी पंचिंग मशीन देणार वाटतं."

मृणाल हसली नाही. फाईल उघडबंद करत म्हणाली, "माझा पासपोर्ट कुठाय रे?"

"माझ्या फाईलमध्ये."

"आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड?"

"तेही तिथेच. अगं, सगळं एका जागी आहे. हरवायला नको म्हणून."

"काकूंनी आज सगळ्यांना हेच विचारलं," मृणाल म्हणाली. "आणि दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. यांच्याकडे."

मला रागच आला. मी काही पासपोर्ट दडवून ठेवणारा माणूस नव्हे. मी व्यवस्थित माणूस आहे. माझ्या फाईलला रंगीत पानं आहेत, अनुक्रमणिका आहे. ती कौतुकाची गोष्ट आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. दुसऱ्या दिवशी मी मृणालचे कागद काढून तिच्या हातात दिले खरे, पण जरा आपटूनच.

काकूंच्या त्या कागदावर कायद्याची पोपटपंची नव्हती. पहिली ओळ होती, "परवाना सरकार देतं, नवरा देत नाही." पुढे लिहिलं होतं की नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही या देशात आला असलात, आणि घरात तुम्हाला मारहाण होत असेल किंवा धाकात ठेवलं जात असेल, तर स्वतःच्या नावाने राहायची परवानगी मागता येते. त्याला कागद लागतात. कोर्टाचा हुकूम, पोलिसांकडची नोंद, डॉक्टरांचं पत्र, मदत करणाऱ्या संस्थेचं पत्र, यातलं जे असेल ते. मिळेलच असं नाही, पण मागता येते. आणि सगळ्यात शेवटी, "ज्याचा कागद त्याच्याकडे."

हे काकूंचं ब्रीदवाक्य. त्या लुकनच्या एका लहानशा सॉलिसिटरच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. कोणी त्यांना वकीलबाई म्हटलं की लगेच दुरुस्त करायच्या, "मी वकील नाही. वकिलाची टायपिस्ट आहे. वकिलाला कायदा माहीत असतो, टायपिस्टला माणसं कुठला कागद आणायला विसरतात ते माहीत असतं." पर्समध्ये लिपस्टिकच्या जागी छोटा स्टेपलर. पावसात छत्री उलटी झाली तर स्वतः भिजायच्या, पण पर्स कोटाच्या आत. यजमान इथेच हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवा बाई हळदीकुंकू करते यावर मंडळाच्या ग्रुपवर एकदा कुजबुज झाली होती. काकूंनी तिथेच उत्तर टाकलं, "कुंकू तुम्ही एकमेकींना लावा, वाण मी देते. कामाची वाटणी आहे."  त्यावर दोघींनी फक्त उभे अंगठे पाठवले.

हळदीकुंकू का करायचं याचं त्यांचं कारण मला फार नंतर कळलं. आमच्या बाकीच्या सगळ्या कार्यक्रमांना, गणपती असो की कोजागिरी, नवरे असतात. गाडी तेच चालवतात, सतरंज्या तेच घालतात, आणि बायको कोणाशी किती वेळ बोलते तेही त्यांना दिसतं. हळदीकुंकवाला मात्र कितीही संशयी नवरा असला तरी बायकोला दारात सोडून निघून जातो. तिथे काय होतं हे बघावं असं आजवर कुठल्याही मराठी पुरुषाला वाटलेलं नाही. आणि वाण म्हणून आलेली वस्तू तर कोणी उघडूनही पाहत नाही.

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्याला हॉट प्रेस म्हणतात. या ओल्या देशात टॉवेल, चादरी सुकवायला त्याच्यासारखी जागा नाही. काकूंच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे फायली होत्या. ज्यांना घरी कागद ठेवायची भीती वाटायची त्यांच्या कागदांच्या प्रती. "दमट हवेत कागद मऊ पडतो, आणि मऊ कागद बघून साहेबही मऊ पडत नाही," असं त्या म्हणायच्या. अस्सल कागद मात्र त्या कधीच ठेवून घेत नसत.

बाई रडत आली तर काकू जवळ घेत नसत. आधी पोहे किंवा सांजा पुढे ठेवायच्या. "आधी खा, मग रड." खाऊन झाल्यावर ती रडायला लागली की पॅड काढून विचारायच्या, "तारीख काय होती?" कित्येकींना याचा राग यायचा. मृणाल एकदा म्हणाली, "काकू, ती केवढी हादरलीय, आणि तुम्ही तारखा विचारताय." काकू म्हणाल्या, "सहानुभूती द्यायला आपलं अख्खं मंडळ आहे गं. तारीख विचारणारी मी एकटीच आहे."

केतकी त्यांच्याकडे कशी आली ते मृणालने मला पुष्कळ नंतर सांगितलं. केतकी म्हणजे समीरची बायको. समीर आणि मी दर रविवारी बॅडमिंटन खेळायचो. गणपतीत खुर्च्या उचलायला पहिला येणारा, आरती खड्या आवाजात म्हणणारा, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणारा हा मुलगा मला फार आवडायचा. त्यांची चार वर्षांची इरा आमच्याकडे आली की मी मराठीत विचारायचो, लाडू हवा का, आणि ती खास इथल्या हेलात म्हणायची, "आय'म ग्रँड, थँक्स." म्हणजे, मी मजेत आहे, काही नको.

ती हे कुठून शिकली, ते काकूंनी शोधून काढलं. केतकीचं मनगट सुजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवून मुद्दाम विचारलं होतं, घरी सगळं ठीक ना? केतकी म्हणाली, "आय'म ग्रँड." डॉक्टरांनी तसंच लिहून ठेवलं.

"म्हणजे तुझ्याच तोंडचा पुरावा तुझ्याविरुद्ध," काकू तिला म्हणाल्या. "इथल्या लोकांचा पाय मोडला तरी ते ग्रँड म्हणतात. तू कशाला त्यांची नक्कल करतेस? परत जा. जे झालं ते सांग. कोणी केलं ते सांग."

केतकी घाबरून म्हणाली, "पण त्याला कळलं तर? तो म्हणतो, माझा परवाना त्याच्यामुळे आहे. एक ईमेल केला की मला विमानात बसवतील आणि इराला तो इथेच ठेवेल."

"युअर मॅन असं म्हणतो होय?" काकू म्हणाल्या. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना त्या इथल्या लोकांसारखं "युअर मॅन", म्हणजे 'तो गृहस्थ', म्हणायच्या. "तो मंत्री आहे का? ईमेल मलाही करता येतो."

केतकी परत डॉक्टरांकडे गेली. तिला ते सांगायला दोन खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेला तिने सांगितलं.

आता माझ्या चुकीकडे यायला हवं. मी मंडळाचा सेक्रेटरी. काकू मला कायम "सेक्रेटरीसाहेब" म्हणत, आणि त्यात आदर किती होता ते त्यांनाच ठाऊक. केतकी काकूंकडे कागद घेऊन जाते हे मृणालच्या बोलण्यातून मला कळलं, आणि मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण, त्यात कोर्टकचेरी कशाला? चहा करू, दोघांना बोलावू, दोन शब्द समजुतीचे सांगू. आपल्याकडे नाही का, चार मोठी माणसं बसली की मिटतं. मी समीरला फोन केला. म्हणालो, "अरे, घरातलं घरात मिटवा ना. ती पाटणकर काकूंकडे कागदपत्रं घेऊन जातेय. बरं दिसत नाही."

 तो अगदी मनापासून म्हणाला, "थँक्स रे. बरं झालं सांगितलंस."

मला बरं वाटलं. एक संसार सावरला असं वाटलं. हे आज लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी समीरने ग्रुपवर टाकलं, मावसभावाचं लग्न आहे, आम्ही तिघं भारतात चाललोय. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. मी मृणालला म्हणालो, "बघ, मिटलं."

त्या शनिवारी सकाळी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. गुडघे दुखत असल्याने त्या कोणाकडे जात नसत. आत आल्या, कोट काढला नाही, बसल्याही नाहीत.

"समीरला तू सांगितलंस?"

मी "म्हणजे, मी फक्त" असं काहीतरी सुरू केलं.

"केतकीला मी म्हटलं, तिकीट डोळ्यांनी बघ. बघितलं तिने, टॅबवर. त्याचं आणि पोरीचं जाऊन येऊन आहे. हिचं नुसतं जायचं. विचारलं तर म्हणाला, तू जरा सहा महिने आईकडे राहा, डोकं शांत कर, मग बोलावतो. हिचं कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय, सेक्रेटरीसाहेब. तिकडे असताना संपलं की परत यायला पुन्हा त्याचीच सही, त्याचीच मर्जी. आणि पोरगी इथे."

मृणाल माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मग काकू बसल्या. कोट तसाच अंगावर. आवाज उतरला होता. "तुला शिव्या द्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "पण त्या मला मलाच द्याव्या लागतील. पूर्वी मंडळातली मोठी माणसं म्हणजे आम्ही. वैशाली म्हणून एक मुलगी होती. तिच्या नवऱ्याला आणि तिला मी घरी बोलावलं, कांदेपोहे केले, दोघांना एका सोफ्यावर बसवलं. आमच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं, मी तिला. मीच म्हटलं, थोडे दिवस माहेरी जाऊन ये, मन हलकं होईल. ती गेली. तिचा परवाना तिकडेच संपला. त्याने परत बोलावलं नाही. मुलगा इथेच राहिला, बापाजवळ. तो आता माझ्यापेक्षा उंच झाला असेल. वैशाली मला दर दिवाळीला फोन करते. काकू कशा आहात विचारते. कधी रागावत नाही रे. तेच मला सहन होत नाही."

 काकूंनी पर्समधून पॅड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"तो बॅडमिंटनला तुझ्यापाशी काय काय बोलायचा?"

आणि मला आठवलं. कोर्टवर बूट बांधताना समीर एकदा हसत म्हणाला होता, "आपल्या बायकोच्या परवान्याचा स्टॅम्प आपल्या हातात असतो बाबा. एक ईमेल, आणि बसली विमानात." मी हसलो होतो. विनोद समजून हसलो होतो.

"लिही," काकू म्हणाल्या. "तारीख घाल. तू फोन केलास तेही लिही."

मी कां-कूं केली. म्हटलं, मी मंडळाचा सेक्रेटरी, उद्या लोक म्हणतील एकाची बाजू घेतली. काकूंनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता. कंटाळा होता. तो मला जास्त लागला. मी लिहायला बसलो. पश्चात्तापाच्या भरात मी पानभर लिहिलं, त्यात समीरला हलकट, नीच, विश्वासघातकी असं सगळं म्हणून टाकलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि पेनाने एकेक शब्द खोडला. "हलकट काढ. नीच काढ. तुला वाईट वाटतंय हेही काढ, ते कोणी विचारलेलं नाही. तो काय बोलला, कधी, कुठे. बस." तिसऱ्या खेपेला पान सात ओळींचं झालं. त्यांनी ते दोनदा वाचलं, सही घेतली आणि स्टेपलर मारला.

सोमवारी सकाळी काकू केतकीला घेऊन कोर्टात गेल्या. त्यांच्या कचेरीतल्या सॉलिसिटरबाई सोबत होत्या. नवऱ्याला न बोलावता, तातडीचा म्हणून, संरक्षणाचा हुकूम मिळाला. मारलं नाही, नुसतं धाकात ठेवलं तरी इथे तो गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी एक महिला गार्डा, म्हणजे इथली पोलीस, केतकीबरोबर घरी गेली. समीरने दार उघडलं, तिला चहा विचारला, आणि कपाटातून दोघींचे पासपोर्ट काढून दिले. तेव्हाही तो हसत होता, असं केतकी म्हणाली. विमान गेलं तेव्हा त्यात केतकी आणि इरा नव्हत्या.

त्यानंतरचे महिने वाट बघण्याचे. स्वतःच्या नावाने राहायची परवानगी मागणारा अर्ज काकूंनी टाइप केला. कोर्टाचा हुकूम, डॉक्टरांचं दुसरं पत्र, माझ्या सात ओळी, सगळं जोडून. केतकी इराला घेऊन मेनूथला एका खोलीत राहायला लागली. दर आठवड्याला विचारायची, "मिळेल ना काकू?" काकू कधीच "मिळेल" म्हणाल्या नाहीत. "मागितलंय," म्हणायच्या. "उत्तर द्यायचं काम त्यांचं." जुन्या कार्डाची मुदत संपली त्या दिवशी केतकी दिवसभर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून होती. काकूंनी तिच्याकडून पुरणपोळ्या लाटून घेतल्या. सण वगैरे काही नव्हता. हात रिकामे नकोत म्हणून.

मंडळात दोन तट पडले. समीरने खुर्च्या उचलल्याच्या आठवणी लोक सांगायला लागले. मी सेक्रेटरीपद सोडलं. सोडलं म्हणजे, पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्यातच काकूंचे गुडघे अगदीच गेले, आणि गॉलवेला हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना तिकडे नेलं. निघायच्या आधी त्यांनी हॉट प्रेस रिकामा केला. टॉवेल मुलीच्या गाडीत गेले आणि फायली मृणालच्या हवाली झाल्या. ज्या बायकांचे ते कागद होते त्या प्रत्येकीला विचारून. आता आमच्या हॉट प्रेसमध्ये माझ्या बॅडमिंटनच्या कपड्यांना जागा नाही. मी कुरकुर केली नाही. तसा मी अलीकडे कमी कुरकुरतो.

उत्तर आलं ते जूनमध्ये. केतकीने कार्ड हातात येईपर्यंत कोणाला सांगितलं नाही. कार्ड आल्यावर म्हणाली, काकूंना फोनवर सांगायचं नाही, दाखवायचं. म्हणून आम्ही सगळे गाडी घेऊन गॉलवेला गेलो. समुद्राकाठच्या बाकावर काकू बसल्या होत्या, काठी बाजूला, पर्स मांडीवर. वारा असा की बोललेलं अर्धं उडून जावं. इरा थेट पाण्याकडे पळाली आणि मृणाल तिच्यामागे.

"सेक्रेटरीसाहेब," काकू मला म्हणाल्या, "मृणालचा पासपोर्ट कुठाय?"

"तिच्याकडे," मी अभिमानाने म्हणालो. "माझासुद्धा तिच्याचकडे दिलाय."

"तेही चूक. ज्याचा कागद त्याच्याकडे. किती वेळा सांगायचं तुला?"

केतकीने पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी चष्मा पुसला. कार्डाची पुढची बाजू वाचली, मागची वाचली, पुन्हा पुढची. इतक्या सावकाश की मला वाटलं, आता टायपिंगची चूक काढणार.

"फोटो वाईट आलाय," त्या म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. केतकीही रडायला लागली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याकडेच ठेवा हे. तुमच्याकडे सुरक्षित राहील."

काकूंनी कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं एकेक करून मिटवली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली. बराच वेळ. 

निघताना मी म्हटलं, चला, घरी सोडतो. त्या म्हणाल्या, मुलगी येईल तासाभरात, मला थोडं बसू दे. "वैशालीला फोन करायचाय," त्या म्हणाल्या. "दर वेळी तीच करते. तिच्या मुलाची नीट चौकशी आजवर करायचा धीर झाला नाही मला. आज विचारते. त्याच्या बाबतीत काही मागता येतं का, तेही बघू."

गाडी वळवताना मला त्या आरशात दिसल्या. वाऱ्याकडे पाठ केलेली, फोन कानाशी, मांडीवर पॅड उघडलेलं आणि हातात पेन. त्या काहीतरी विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. तारीखच असणार.